राज-दिलीपचं 'वैर' आणि आमच्या मावशीचा फॉरवर्ड

मावशीनं फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "मला आधीपासून वाटतच होतं." काय वाटत होतं? तर राज कपूर आणि दिलीपकुमार एकमेकांचं तोंड बघत नसत, युसूफ खाननं हिंदूंना फसवायला दिलीप नाव घेतलं, 'अंदाज'च्या सेटवर राजनं त्याला खरोखर बडवलं आणि राज गेला तेव्हा हा फिरकलाही नाही. जिचं अख्खं तारुण्य यांचे सिनेमे बघण्यात गेलं, तिनं हे पुढे ढकलावं?

आधी नावाचं, कारण विष तिथंच कालवलंय. दिलीपकुमारचं आत्मचरित्र 2014 साली आलं. त्यात सरळ लिहिलंय की नाव बदलायला सुचवलं बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणीनं. त्याच कंपनीनं कुमुदलाल गांगुलीचा अशोककुमार केला होता. तो कोणाला फसवत होता? आणि युसूफला खरी धास्ती वडिलांची. ते फळांचे व्यापारी, नटांना नौटंकीवाले म्हणणारे. पेशावरपासूनचे त्यांचे दोस्त बशेश्वरनाथ कपूर, म्हणजे पृथ्वीराजचे वडील आणि राजचे आजोबा. तुमचा मुलगा नट, नातूही नट, म्हणून युसूफचे वडील बशेश्वरनाथांची टर उडवत. एक दिवस बशेश्वरनाथांनी त्यांना क्रॉफर्ड मार्केटसमोरचं 'जुगनू'चं भलंमोठं होर्डिंग दाखवलं. त्यावर कोण? यांचेच चिरंजीव! साल 1947. त्या साली दोन पेशावरी म्हातारे पोरांवरून एकमेकांची फिरकी घेत होते, आणि फॉरवर्डवाल्याला त्यात धर्माचं कारस्थान दिसतं.

रॅकेटची मारामारी? अहो, ती पटकथेत आहे. 'अंदाज'मध्ये संशयानं पेटलेला राज दिलीपला टेनिसच्या रॅकेटनं मारतो. तो प्रसंग दिग्दर्शक मेहबूब खाननं चित्रित केला, कोणी चोरून टिपलेला नाही. उद्या गब्बरनं ठाकूरचे हात खरंच तोडले म्हणाल.

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजानं. 1949 च्या 'अंदाज'नंतर दोघं नायक म्हणून पुन्हा एकत्र आले नाहीत. 'संगम'साठी राजनं विचारलं होतं, दिलीपनं नकार दिला. चुरस होती, आणि चांगली कडवी होती. दोघं आपापल्या जागी राजे. दुसऱ्याच्या बॅनरखाली, दुसऱ्याच्या दिग्दर्शनात कोण जाणार? पण म्हणून तोंड बघत नव्हते? माटुंग्याच्या खालसा कॉलेजातली ही दोस्ती. तू लग्न केलंस तर गुडघ्यांवर चालत तुझ्या घरी येईन, असं राज म्हणायचा. 1966 साली दिलीपनं सायराबानूशी लग्न केलं आणि राजनं शब्द पाळला.

'फिरकलाही नाही' हे तर शुद्ध खोटं. मे 1988 मध्ये दिल्लीत फाळके पुरस्काराच्या समारंभात राज कोसळला, तिथून थेट एम्समध्ये. दिलीप तेव्हा नुकताच पेशावरहून आला होता. त्यानं इस्पितळ गाठलं आणि बेशुद्ध राजशेजारी बसून त्याला पेशावरच्या बाजाराच्या, चपली कबाबच्या गोष्टी सांगितल्या. ऊठ, आपण जाऊ, म्हणाला. हे कोणा वाटसरूनं नाही, ऋषी कपूरनं सांगितलंय.

फॉरवर्डमधला, 'अंदाज'ची नायिका नर्गिस हिच्यावरूनच्या भांडणाचा मसाला सोडून देतो. तिनं 1958 मध्ये सुनील दत्तशी लग्न केलं, विषय संपला. आणि हो, फॉरवर्डमध्ये राजचं जन्मगाव लाहोर दिलंय. तेही चूक. पेशावर.