लिहायला बसताना पट्टी जवळ ठेवा

लेखक व्हायचंय? मग प्रतिभा, व्यासंग, जगण्याचा अनुभव वगैरे नंतर बघू. आधी एक पट्टी आणा. सध्या पुस्तकाचे पैसे कुठल्या मापाने मिळतात ते पाहायचं आणि त्या मापात बसेल एवढीच प्रेरणा होऊ द्यायची. कलेची काळजी करू नका, ती समजूतदार असते. सरका म्हटलं की सरकून बसते.

हे मी मनचं सांगत नाही, मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या वर्गणीच्या ग्रंथालयांना कादंबरी तीन खंडांत हवी असे. साध्या वर्गणीत एका वेळी एकच खंड मिळायचा, म्हणजे एक कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरायची. झालं, लेखकांना गोष्टीच तीन खंडांच्या सुचू लागल्या. लग्न तिसऱ्या खंडात लागायचं असल्यामुळे नायिकेला दुसऱ्यात अंथरुण धरणं भाग होतं. १८९४ मध्ये मोठ्या ग्रंथालयांनीच हे तीन खंड परवडत नाहीत म्हणून हात वर केले आणि बघता बघता इंग्रजी कादंबरीचा आशय एका खंडात मावू लागला. याला पुढे वाङ्मयीन स्थित्यंतर म्हणतात.

आता आपल्या काळाकडे या. २०१४ साली किंडल अनलिमिटेड, म्हणजे वर्गणी भरून हवी तेवढी ई-पुस्तकं वाचायची अमेझॉनची योजना, आली तेव्हा वाचकाने पुस्तकाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग वाचला की लेखकाचे पैसे पक्के. तीस पानांच्या पुस्तकाची तीन-चार पानं उलटली की काम फत्ते! अनेक चाणाक्ष लेखकांना तेव्हा साक्षात्कार झाला की आपली खरी प्रकृती छोटेखानी लिखाणाची आहे. जुलै २०१५ पासून हिशेब वाचलेल्या पानांवर आला, आणि पिंड महाकादंबरीचा असल्याचं उघड झालं. काही थोर मंडळींनी तर सुरुवातीलाच एक दुवा ठेवला. तो दाबला की वाचक थेट शेवटच्या पानावर, आणि मधली सगळी पानं वाचल्याची नोंद. इतकी प्रवाही शैली तुम्हाला कधी जमली होती, सांगा बरं. पुढे एका वाचकामागे एका पुस्तकाची ३,००० पानंच मोजायची, असं बंधन आलं. अभिव्यक्तीची गळचेपी कुठून सुरू होते ते लक्षात ठेवा.

तरीही छापील पुस्तकच हवं असा हट्ट असेल, तर प्रकाशकाकडे जाताना हस्तलिखित विसरलात तरी चालेल, फोन विसरू नका. मी कथासंग्रहाचं बाड घेऊन गेलो होतो. त्यातली शेवटची कथा अकरा पानांची, माझी आवडती. प्रकाशकांनी बाड तळहातावर तोललं आणि विचारलं, "फॉलोअर किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी बाड दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा तोललं, मघाशी वजन चुकलं असावं तसं.

"कथा चालत नाहीत हो. याची कादंबरी करा ना. पात्रं हीच ठेवा, फक्त सगळ्यांना एका इमारतीत राहायला आणा."

मी चिडलो. तुम्ही चिडू नका. त्यांच्याही मागे व्याप असतो. बऱ्याच ठिकाणी दुकानात गेलेल्या प्रती खपल्या नाहीत तर परत येतात, म्हणून रॉयल्टीच्या हिशेबात परताव्यापोटी काही रक्कम राखून ठेवतात. तेव्हा पुस्तक दुकानात लागलं म्हणजे विकलं गेलं असं समजू नये. ते हवापालट करायला गेलेलं असतं.

पदरचे पैसे घालून छापायला तर मुळीच लाजू नका. जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ मध्ये तिच्याच जोखमीवर निघाली. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तनेही १९१३ मध्ये खिशात हात घातला होता. उदाहरण देताना ती पुस्तकं त्यांनी आधी कितीदा नव्याने लिहिली हे मात्र सांगत बसू नका, विषय भरकटतो. वेगही सांभाळा. यंत्रांनी लिहिलेल्या पुस्तकांचा लोंढा सुरू झाल्यावर, सप्टेंबर २०२३ मध्ये, अमेझॉनने एका लेखकाला दिवसाला तीनच नवी पुस्तकं टाकायची मुभा ठेवली. म्हणून तिसरं संपलं की झोपा. प्रकृतीपेक्षा साहित्य मोठं नाही.

त्या अकरा पानी कथेचं म्हणाल, तर मीही मनावर घेतलं होतं. तिच्यातल्या म्हाताऱ्याला दोन मुलं दिली, शेजारी एक खून करवला, इमारतही बांधून दिली. तो आपला खिडकीतून उठेचना. शेवटी काल रात्री सगळं काढून टाकलं, आणि त्या भरात मूळ कथेतलाही एक लांबलचक परिच्छेद खोडला. आता दहाच पानं भरतात. सरळसरळ एका पानाचं नुकसान.