बैलाला आधी लाईट, मग मला

ज्यांच्या घरातल्या लहान लेकराला रेडिएशन सांगितलंय आणि "रोज भूल द्यावी लागेल" असं डॉक्टर म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे लिहून राहिले आहे. बाकीच्यांना लांबण वाटलं तर खुशाल पुढे जा, राग नाही.

मी बालवाडीची बाई, डॉक्टर नाही. माझ्या भाच्याच्या लहान मेंदूत गाठ निघाली तेव्हा तो साडेपाच वर्षांचा होता. त्याचं नाव लिहीत नाही, मोठा झाला की कुणाला सांगायचं ते तोच ठरवेल. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. "टाटाला न्या" म्हणणारे चौकाचौकात भेटले, पण दादा-वहिनीने नागपुरातच उपचार घ्यायचं ठरवलं. रुग्णालयाचंही नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाकडं लिहिणार आहे. एकूण 54 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचं माप), 30 खेपा. पहिल्या 13 खेपा सगळं डोकं आणि पाठीचा कणा, नंतरच्या 17 फक्त गाठ होती तिथे. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

पहिली चूक आमच्या घरातच झाली, आणि ती एका शब्दाची. आपल्याकडे जुनी माणसं रेडिएशनला 'शेक' म्हणतात. आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "लेकराच्या डोक्याले शेक द्याचा हाय." हा दाराआड उभा. त्याच्या लेखी शेक म्हणजे तव्यावर गरम केलेलं फडकं, आणि ते आता डोक्यावर ठेवणार. रात्री झोपताना त्याने विचारलं, "आत्या, चटका बसते का?"

दुसरी चूक माझी. मी म्हटलं, "छे रे, नुसता फोटो काढायचा आहे." रोज वीस-पंचवीस पोरांना सांभाळणारी बाई मी, आणि ऐनवेळी हेच सुचलं.

फोटोच्या दिवशी काय झालं ते ऐका. प्लास्टिकची एक जाळीदार शीट असते. ती साधारण 70 अंशांच्या पाण्यात टाकून मऊ करतात, जराशी निववून ताणून चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत ती थंड होऊन त्या चेहऱ्याच्या मापाची कडक होते आणि तिच्या कडा टेबलाला खटाखट अडकवतात. रोज डोकं त्याच जागी, मिलिमीटरच्या हिशोबात आलं पाहिजे म्हणून हा सगळा खटाटोप. दुखत काहीच नाही. पण फोटो काढताना कुणी तोंड बांधतं का? त्याने जी किंकाळी फोडली ती बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांनी ऐकली. जाळी निम्म्यात ओढून काढली. त्यानंतर तो कुणाचंच ऐकेना, माझं तर मुळीच नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी भूल देऊन जाळीचा तो मुखवटा आणि किरण नेमके कुठे द्यायचे ते ठरवणारा सीटी स्कॅन झाला, आणि रोजची भूलही ठरली.

भूल म्हणजे काही वाईट गोष्ट नाही, हे आधीच सांगते. भूलतज्ज्ञ मॅडम फार चांगल्या होत्या. सलाइनमधून दुधासारखं पांढरं औषध जायचं आणि पोरगं वाक्य अर्ध्यात सोडून झोपायचं. मॅडमनाही आत थांबता येत नाही, किरण चालू असताना त्या खोलीत पेशंटशिवाय कुणीच नसतं. त्या बाहेरून कॅमेऱ्यावर त्याचा श्वास आणि मॉनिटर बघत बसायच्या. जीव खाल्ला तो उपाशीपणाने. भुलीच्या सहा तास आधीपासून जेवण बंद, दूध बंद, शेवटी शेवटी पाण्याचा घोटही मोजून. हे एक दिवस ठीक आहे. सहा आठवडे रोज, ऑपरेशनमधून उठलेल्या आणि आधीच उलट्यांनी बेजार झालेल्या पोराला?

चौथ्या दिवशी मशीन बंद पडलं. नऊचा नंबर, बारा वाजले तरी हलायला तयार नाही. नागपूरची एप्रिलअखेर, कूलरमधून गरम वारा. शेजारच्या बाकावर कुणीतरी तर्री-पोहे उघडले. त्याने एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मागितले नाहीत. साडेबाराला सांगितलं, उद्या या. आधी का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणे आम्हालाही वाटलं आता होईल, मग होईल. त्या आठवड्यात वजनकाट्यावर एक किलो कमी दिसला.

त्या दिवशी तिथला एक टेक्निशियन दादा हळूच मला म्हणाला, "मॅडम, याला सगळं समजतं. थोडी तयारी केली तर हा बिनभुलीचा होईल." तयारी कोण करून देईल विचारलं तर हसला. तसं कुणी नव्हतंच. पण दुसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर त्याने आम्हाला दहा मिनिटं रिकाम्या खोलीत नेलं. टेबल वर-खाली करून दाखवलं, मशीनचं ते मोठं डोकं गोल फिरवलं. आणि आमचा महाशय इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलला, "जेसीबी!"

त्या रात्री मी त्याची माफी मागितली. फोटो खोटा होता, म्हटलं. ही लाईट आहे, ती दिसत नाही, लागत नाही, गरम होत नाही. मुखवटा घट्ट बसेल, तो आवडणार नाही. आत तू एकटा असशील, हेही खरं आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बैलाला आधी लाईट, मग मला."

तान्हा पोळ्याचा, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचा, त्याचा लाकडी बैल माळ्यावरून काढला. चाकांचा बैल काही केल्या आडवा राहीना, त्याला उशीत रोवावा लागला. फळवाल्याकडच्या संत्र्यांची लाल जाळी त्याच्या तोंडावर ताणून पोळपाटाला बांधली. भाचा झाला टेक्निशियन. "हलायचं नाही बे. मी बाहेर आहो. मले तू दिसून राहिला." असं बजावून खोलीबाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. हे त्याने किती वेळा केलं त्याला गणती नाही. बैलाला एका संध्याकाळी 30 च्या वर खेपा झाल्या असतील!

मग त्याची पाळी. आपला नेहमीचा स्टॅच्यूचा खेळ, फक्त पलंगावर उताणं आणि तोंडावर जाळी. पहिल्यांदा 40 सेकंदांत 'ओव्हर' केलं. मग लक्षात आलं की तो श्वासच रोखून धरतोय, कारण स्टॅच्यू म्हणजे काहीच हलू द्यायचं नाही! नियम बदलला: श्वास आणि पापण्या माफ. चार दिवसांत 11 मिनिटांवर पोचला. एक धागाही ठेवला, जाड लोकरीचा. एक टोक त्याच्या बोटाला, दुसरं दाराबाहेर माझ्या हातात. मी हलकं ओढलं की त्याला कळायचं, आत्या आहे.

भूल देऊन सहा खेपा झाल्या होत्या. सातवीला मॅडमना म्हटलं, आज भूल नको, आम्ही एकदा बघतो. सकाळी तो पोटभर पोहे खाऊन आला होता, म्हणजे जमलं नसतं तर त्या दिवशीची खेप बुडणार होती. माझ्याच पोटात गोळा. टेक्निशियन दादाने खुणांना धक्का न लावता मुखवट्याच्या कपाळावर मार्करने शिंगं काढली, पोळ्याच्या बैलासारखी, एक लाल आणि एक हिरवं. आणखी एक फार मोलाची गोष्ट त्याने केली. म्हणाला, "हात वर केला की मी मशीन थांबवतो. करून बघ." भाच्याने हात वर केला, दादाने खरंच सगळं थांबवलं आणि आत आला. दोनदा. तिसऱ्यांदा हात वर झालाच नाही.

बाहेरून माइकवर मी बोलायचं होतं. पोळ्याला आपल्या नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवतात आणि इडापिडा घेऊन जा म्हणतात, मी आपलं तेच सुरू केलं, "इंजेक्शनं घेऊन जा गे मारबत, उलट्या घेऊन जा गे मारबत." दादाने खूण केली, "मॅडम, हसवू नका, हलतो तो." मग मेट्रो काढली. कस्तुरचंद पार्क गेलं, झिरो माइल आलं, आता सीताबर्डी, पुढे काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी... मशीन एका जागी थांबून पुढे सरकलं की एक स्टेशन. खापरी आली तेव्हा दार उघडलं. जाळीचे ठसे गालावर घेऊन तो बाहेर आला आणि विचारलं, "मी हललो का?"

उरलेल्या 24 पैकी 23 खेपा बिनभुलीच्या झाल्या. एकोणिसाव्या दिवशी त्याने नाहीच म्हटलं. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. भूल दिली. यावर घरातलं एक मोठं माणूस त्याला म्हणालं, "इतका शूर पोरगा आणि आज घाबरला?" तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना भूल लागतेच, त्याच्या वरच्याही काहींना लागते. ही शौर्याची स्पर्धा करू नका. तयारीनंतरही लेकरू नाही म्हणालं तर ते नाही ऐकून घ्या.

आता वाकडं. हे सगळं आम्हाला जमलं कारण आत्या बालवाडीत, तिला उन्हाळ्याच्या सुट्या, घर रुग्णालयापासून वीस मिनिटांवर. शेजारच्या बाकावर बालाघाटकडची एक आई होती. धर्मशाळेत राहायची, पोरगी चार वर्षांची, घरात गोंडी बोलायची. तिच्या पोरीला लाल जाळी कोण आणून देणार, आणि कोणत्या भाषेत? कोट्यवधींचं मशीन बसवताना भिंती मीटरभराहून जाड ओततात, मग त्याच खर्चात एक खेळण्यातलं मशीन, एक जुना मुखवटा आणि पोरांशी बोलणारं एक पगारी माणूस का बसत नाही? परदेशात हे रीतसर काम आहे, चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तर किरण चालू असताना मुलाला समोरच्या पडद्यावर त्याचा आवडता व्हिडिओ दिसेल अशी सोय केली. बरं, हे दयेचं काम समजू नका. भुलीच्या पोराला मशीनवर जास्त वेळ लागतो, भूलतज्ज्ञ अडकून पडतात, नंतर जागं होईपर्यंत खाट लागते. हिशोब मांडलात तर त्या पगारी माणसाचा पगार यातूनच निघेल असं मला तरी वाटतं. आणि तोवर किमान भुलीच्या लेकरांना सकाळचा पहिला नंबर द्या हो. त्याला तर एक रुपयाही लागत नाही.

टेक्निशियन दादाचे आभार मानायला गेले तर तो म्हणाला, जाऊ द्या मॅडम, कुणाला सांगू नका, मला वेळेवरून बोलणी बसतील. म्हणून त्याचंही नाव नाही.

शेवटच्या दिवशी मुखवटा आम्हाला दिला. यंदा तान्हा पोळ्याला तो बैलाला बांधून गल्लीभर मिरवला, दोन घरी बोजारा (बैल घेऊन आलेल्या पोरांना देतात ते पैसे-खाऊ) जास्त मिळाला. सध्या मुखवटा माझ्याकडे आहे. नागपुरात कुणाच्या लेकराचं रेडिएशन सुरू व्हायचं असेल आणि त्याला आधी हात लावून बघायचा असेल, तर मेसेज करा, संध्याकाळी घेऊन येते. बैल मात्र तो कुणाला देत नाही.