कचरा गावाने केला नाही, निर्णय तरी गावाला घेऊ द्या

मे-जून आला की फीडवर तेच फोटो सुरू होतात. हिमालयात ट्रेकला गेलेली मंडळी, हातात ग्लोव्हज, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे कचऱ्याने भरलेल्या गोण्यांची रांग. मेहनत खरी असते, त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाहीये. पण फोटो काढून झाल्यावर त्या गोण्या गेल्या कुठे हे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "खाली गावात दिल्या ना". म्हणजे वाटेवरचा कचरा उचलला आणि गावाच्या गळ्यात बांधला. गावाकडे गाडी नाही, शेड नाही, मग ते कुठेतरी खड्डा खणतं नाहीतर पेटवून देतं, आणि पुढच्या सीझनला आपणच पोस्ट टाकणार की लोकल लोकांनाच काही पडलेली नाही.

आता त्या गोणीत असतं काय ते बघा. पाण्याच्या बाटल्या भंगारवाला घेतो, कारण त्यांना भाव आहे. बिअरच्या बाटल्या जड, त्या खाली न्यायचं भाडंच बाटलीपेक्षा महाग पडतं. आणि उरलेलं सगळं म्हणजे चिप्स, बिस्किटं, नूडल्स, शांपूच्या पुड्या. चिप्सचं पाकीट आतून चकचकीत दिसतं ना, ते प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्याला कुणी भाव देत नाही. वजन काही ग्रॅम, पोतंभर गोळा केलं तरी काटा हलत नाही. 2018 पासून हिमालयातल्या संस्था मिळून मे अखेरीस 'द हिमालयन क्लीनअप' करतात, त्यात गोळा केलेला कचरा नुसता मोजत नाहीत तर कुठल्या कंपनीचा ते पण बघतात, आणि दरवर्षी खाण्यापिण्याची वेष्टनंच सगळ्यात जास्त निघतात. 1 जुलै 2022 ला देशभर सिंगल यूज प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत स्ट्रॉ आहे, प्लास्टिकचे चमचे आहेत, कानात घालायच्या काड्या आहेत, पण चिप्सचं पाकीट नाही न् पाण्याची बाटली पण नाही! डोंगरात जे सगळ्यात जास्त सापडतं नेमकं तेच बाहेर.

ओल्या कचऱ्याचं तरी सोपं असेल असं वाटतं, तेही नाही. उंचावर थंडीत कुजण्याची प्रक्रिया इतकी मंदावते की आपल्याकडे दोन-तीन महिन्यांत होणारं खत तिकडे कितीतरी जास्त वेळ घेतं. हॉटेलांचं उष्टं उघड्यावर पडलं की भटकी कुत्री वाढतात, आणि सीझन संपून हॉटेलं बंद झाली की तीच कुत्री गावाच्या मेंढ्यांवर जातात. लडाख-स्पितीत हा केवढा मोठा प्रश्न झालाय ते तिकडच्या मेंढपाळांना विचारा.

मग जिथे जमलंय तिथे काय वेगळं केलं? माझ्या मते एकच, गावाने कचरा गोळा करण्याआधी वस्तू आत येतानाच अडवली. उत्तर सिक्कीममधलं लाचेन घ्या, गुरुडोंगमार तलावाला जाणारे बहुतेक जण तिथे मुक्काम करतात. तिथे झुमसा नावाची पारंपरिक ग्रामसभा आहे, तिचा प्रमुख पिपॉन गावच निवडतं. या झुमसाने 2012 च्या सुमारास बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली, आणि ती कागदावर ठेवली नाही, येणाऱ्या गाड्या थांबवून बाटल्या तपासायला लागले. राज्य सरकारने अशी बंदी पूर्ण सिक्कीमला लावली ती 2022 मध्ये, म्हणजे एक डोंगरी गाव सरकारच्या दहा वर्षं पुढे होतं.

पश्चिम सिक्कीममधलं युकसोम, जिथून झोंगरी आणि गोएचा-ला खिंडीचा ट्रेक सुरू होतो, तिथे 1996 पासून गावकऱ्यांची संवर्धन समिती काम करतेय. ट्रेकला निघताना चेकपोस्टवर तुमच्या सामानातल्या न कुजणाऱ्या वस्तूंची यादी होते, पाकिटं किती, डबे किती, आणि परत आल्यावर त्या यादीशी कचरा ताडून बघतात. वर जाताना दहा पाकिटं होती तर खाली येताना दहा रिकामी दाखवा. त्यात भाषण नाही की पोस्टर नाही, नुसता हिशोब, आणि हिशोब द्यायचाय म्हटलं की माणूस आपोआप सरळ वागतो.

नेपाळात खुंबू म्हणजे एव्हरेस्टच्या भागात नामचे बाजारला 1991 मध्ये स्थानिकांच्या पुढाकाराने प्रदूषण नियंत्रण समिती उभी राहिली, 1998 मध्ये काचेच्या बाटल्यांतली बिअर बंद झाली. आता तिथे उतरणाऱ्या ट्रेकर्सना साधारण किलोभर कचऱ्याची पिशवी देतात, ती खाली लुक्लाच्या विमानतळापर्यंत न्यायची. मला ही आयडिया फार आवडते, कारण रस्ता नसलेल्या ठिकाणी कचरा खाली न्यायचा म्हणजे माणसाची पाठ नाहीतर जनावराची, आणि रिकामी पाठ तर पर्यटकाचीच असते.

बरं, हे सगळं गावावर सोडून आपण मोकळे असंही नको. गाव म्हणजे काही संतांची सभा नसते. ज्याचं हॉटेल आहे त्याला गर्दी हवी असते, ज्याचं शेत हॉटेलच्या खाली आहे त्याच्या शेतात ड्रेनेज येतं आणि दोघं एकाच बैठकीत बसलेले असतात. हॉटेल बाहेरच्याने लीजवर घेतलेलं असेल तर तो बैठकीला पण येत नाही. आणि कचरा निवडायचं काम शेवटी बायकांच्या अंगावर येतं, तेही बऱ्याचदा फुकट, "आपल्याच गावासाठी" म्हणून. समिती स्थापन केली पण हातात पैसा नाही आणि दंड करायचा अधिकार नाही, तर ती दोन सीझनमध्ये थकते.

पैशाची वाट कायद्यात होती बरं का. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांमध्ये डोंगराळ भागासाठी वेगळं कलमच होतं, डोंगरावर डम्पिंग ग्राउंड टाळा, कचरा एका बंदिस्त जागी जमवा, जागा खाली सपाटीवर 25 किलोमीटरच्या आत शोधा, आणि पर्यटकांकडून प्रवेशाच्या ठिकाणीच कचरा शुल्क घेता येईल. इतकं स्पष्ट लिहिलेलं. पण अंमलबजावणी म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी नाक्यावर पावती फाडतात आणि तो पैसा नेमका कुठे जातो हे गावालाच माहीत नसतं. ते शुल्क थेट गावाच्या समितीच्या खात्यात जायला हवं, त्यातून निवडणाऱ्या बायकांना पगार आणि महिन्याला खाली जाणाऱ्या गाडीचं भाडं. आणि पाकिटांना भाव नसेल तर तो कंपन्यांनी द्यावा, उत्पादकांची जबाबदारी म्हणून नियम आहेतच, पण कंपन्या शहरातला सोप्पा कचरा उचलून आकडे पूर्ण करू शकत असतील तर तेवढ्या उंचावर कोण कशाला जाईल? डोंगरातून आणलेल्या किलोला वेगळा, जास्त दर ठरवा, मग बघा.

तोपर्यंत ट्रेक बुक करताना लीडरला जेवणात काय आहे विचारता तसंच कॅम्पचा कचरा कुठे जातो तेही विचारा. "गावात देतो" म्हणाला तर पुढचा प्रश्न, गावाला त्याचे पैसे देता का? आणि नाक्यावर गावाच्या समितीची पावती फाडली तर तिथे हुज्जत घालू नका, विमानाला एवढे हजार मोजलेत ना.