शुक्राला ड्रोन समजलेले जवान

लडाखमध्ये आपल्या जवानांनी गुरू आणि शुक्राला चिनी ड्रोन समजून सहा महिने पाळत ठेवली, ही २०१३ सालची बातमी अधूनमधून कुणीतरी हसणारे इमोजी लावून पुन्हा फिरवतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३. पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग भागातून अशा उजेडांच्या ३२९ नोंदी झाल्या. त्यातल्या १५५ वेळा ते आपल्या हद्दीत शिरल्यासारखे वाटले. एक दिसायचा संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरा पहाटे चारला. चौदा हजार फुटांवरची विरळ हवा, गावाचा उजेड नाही, अशा जागी शुक्र डोळ्यात खुपतो. त्यात डिसेंबर २०१२ मध्ये गुरू सूर्याच्या बरोबर समोर आला होता, म्हणजे इकडे सूर्य मावळला की तिकडे तो उगवायचा. समोर चीनची हद्द. तिथे उभ्या पोराने काय समजावं? (आपल्याला तरी गुरू पत्रिकेतल्या कुठल्या घरात आहे ते पाठ असतं; आकाशात कुठे आहे ते विचारा.)

घाबरलेलं सैन्य काय करतं ते बघायचं तर लॉस एंजेलिसची २४-२५ फेब्रुवारी १९४२ची रात्र आठवा. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला तीन महिनेही झाले नव्हते, आणि आदल्याच संध्याकाळी जपानी पाणबुडीने सांता बार्बराजवळच्या तेलक्षेत्रावर तोफा डागल्या होत्या. सायरन वाजले, दिवे गेले आणि विमानविरोधी तोफांनी १४००हून जास्त गोळे आकाशात उडवले. विमान एकही पडलं नाही. गोळ्यांचे तुकडे मात्र लोकांच्या घरांवर पडले. नौदलमंत्री नॉक्स म्हणाले, खोटा इशारा होता. युद्धमंत्री स्टिमसन म्हणाले, पंधरा विमानं असावीत. सरकार एकच! युद्ध संपल्यावर जपानने सांगितलं, आम्ही त्या रात्री विमानं पाठवलीच नव्हती.

आपल्या लष्कराने वेळा लिहून ठेवल्या आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सला विचारलं. ग्रह ओळखू आले ते या नोंदींमुळेच. ‘काहीतरी चमकलं’ एवढ्यावर कुठलाही खगोलशास्त्रज्ञ काही सांगू शकत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. याच संस्थेची हान्लेची वेधशाळा त्याच लडाखमध्ये आहे. पहिल्याच आठवड्यात तिथे फोन गेला असता तर नोंदवहीची बरीच पानं कोरी राहिली असती.