सुईपेक्षा श्वास महत्त्वाचा

“फुप्फुसातल्या गाठीला सुई लावू देऊ नका. कॅन्सर अंगभर पसरतो, फुप्फुस फुग्यासारखं फुटतं. काम सगळं मशीन करतं, सिस्टर नुसत्या सह्या घेते.” हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला, तोही घरच्याच ग्रुपवर. सीटी स्कॅनवर बघत सुईने गाठीचा तुकडा तपासायला काढतात, म्हणजे बायोप्सी करतात, त्या सीटी रूममध्ये मी सिस्टर आहे, म्हणून लिहिते.

पसरण्याचं आधी. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण शंभरात एकसुद्धा भरत नाही. बहुतेकदा बाहेरची पोकळ सुई एकदाच आत जाते आणि तुकडे दुसऱ्या सुईने तिच्या पोकळीतूनच काढतात. शिवाय गाठ म्हणजे कॅन्सरच, हे कुणी ठरवलं? आपल्याकडे ती टीबीचीही निघते. म्हणून एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या रसायनात जातो, दुसरा सलाईनमध्ये. दुसराही चुकून फॉर्मलिनमध्ये पडला तर जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होत नाही. बाटलीवरचं लेबल मी मोठ्याने वाचते ते यासाठी.

फुग्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. फुप्फुस फुग्यासारखं नसून स्पंजासारखं असतं, पण सुईमुळे हवा फुप्फुसाबाहेर साठू शकते. साधारण पाचातल्या एकाला हे होतं. बहुतेकांची हवा आपोआप जिरते, शंभरातल्या पाच-सहा जणांना ती काढायला छातीत नळी घालावी लागते. ते टाळायला सुई काढल्यावर आम्ही पेशंटला सुईची बाजू खाली करून झोपवतो. उठायचं नाही, बोलायचं नाही, शक्यतो खोकायचं नाही. मग ऑक्सिजनवर लक्ष आणि काही तासांत एक्स-रे. सगळ्यात अवघड काम कोणतं, तर “कसं वाटतंय?” म्हणत कानाला फोन लावणाऱ्या नातेवाइकांना आवरणं!

आणि मशीन? ते फक्त चित्र काढतं. खालच्या भागातली गाठ श्वासाबरोबर वरखाली सरकते. दर वेळी श्वास सारखाच रोखला नाही तर डॉक्टरांची सुई गाठ होती तिथे जाते, आहे तिथे नाही. घाबरलेला माणूस हमखास छाती भरून श्वास घेतो. म्हणून टेबलावर घेण्याआधीच मी सराव करून घेते: “आजोबा, मोठा नको, रोजच्यासारखा घ्या... आता थांबा.” ऐकू कमी येत असेल तर हाताची खूण ठरवते. खोकला येतोय असं वाटलं तर बोट हलवायचं, हेही तेव्हाच.

सह्यांचं म्हणाल तर, त्याआधी मी गोळ्यांची पिशवी मागते. “रक्त पातळ करायची गोळी? छे, नाही,” म्हणणाऱ्यांच्या पिशवीतून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल निघते, त्यांच्या लेखी ती “हार्टची गोळी” असते. ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतात. स्टेंट असेल तर मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

घाबरवायचंच होतं तर मेसेजमध्ये हे हवं होतं: घरी गेल्यावर अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा थुंकीत नुसती रेघ नसून भरपूर रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत विमानात बसू नका.