सिंथेटिक ऑइलने पिकअप वाढतो, २५ हजार किलोमीटर बदलायचं नाही: हा मेसेज आता थांबवा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या निम्म्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला, पण लिहायला बसले ते मामामुळे. मेसेज थोडक्यात असा: गाडीत प्रीमियम फुल सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं महागातलं इंजिन ऑइल टाका, पिकअप २० टक्के वाढतो, मायलेज लिटरमागे ५ किलोमीटरने वाढतं, जुनं इंजिन नव्यासारखं होतं, २५ हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं ऑइलला हात लावायची गरज नाही, पेट्रोल डिझेल बाईक सगळ्याला तेच चालतं, आणि सर्व्हिस सेंटरवाले हे मुद्दाम लपवतात.

मामा मानपाड्याला राहतो, नोकरी ऐरोलीला, गाडी २०२० ची पेट्रोल. गेल्या वर्षी हा मेसेज वाचून त्याने दुकानातून चार लिटरचा महागातला कॅन आणला, ओळखीच्या माणसाकडून ऑइल बदलून घेतलं, आणि मग वार्षिक सर्व्हिसिंगला गाडी नेलीच नाही, कारण दोन वर्षांची सुट्टी मिळाली होती ना. परवा रविवारी गेले होते तेव्हा सहज बोनेट उघडलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, पुसून परत घातली, बाहेर काढली तर टोकाला जेमतेम ओलावा. दोन खुणांच्या मध्ये असायला हवं ते ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं, आणि जे होतं ते डांबरासारखं. मी विचारलं मामा, बोनेट शेवटचं कधी उघडलं होतंस, तर म्हणाला अगं गरजच नाही असं लिहिलंय त्यात. १३ हजार किलोमीटर, १४ महिने. आणि पुढच्या आठवड्यात मामी आणि आजीला घेऊन हीच गाडी चिपळूणला निघणार होती.

म्हणून आधी हा २५ हजारांचाच मुद्दा घेते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फक्त पैसे जातात, याने इंजिन जातं.

मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे कंप्रेसर आहेत आणि त्यांचं ऑइल तासांवर बदलतात. किलोमीटरचा प्रश्नच नाही, मशीन जागची हलत नाही. गाडीचं इंजिनही तासांवरच झिजतं, फक्त आपल्यासमोर मीटर किलोमीटरचा आहे म्हणून आपण तो बघतो. आता हिशोब करा. १३ हजार किलोमीटर हायवेला ताशी ६० च्या सरासरीने चालली तर इंजिन साधारण २१७ तास चाललं. तेच कापूरबावडी, माजिवडा, कळवा करत ताशी २० ने चालली, आणि संध्याकाळी २० सुद्धा मिळत नाही, तर ६५० तास. मीटरवर आकडा तोच, ऑइलने काम केलं तिप्पट. सिग्नलला उभी गाडी एकही किलोमीटर पुढे जात नाही पण आत पिस्टन वरखाली होतच असतो. वर मेट्रो-४ च्या कामाची इतक्या वर्षांची धूळ. कार कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये सतत थांबत चालवणं, जवळजवळच्या फेऱ्या, धुळीचा रस्ता याला कठीण वापर म्हणतात आणि त्यासाठी ऑइल लवकर बदला असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपण ठाणेकरांनी मुदत वाढवायची नाही, उलट कमी करायची.

आणि ऑइल खराब होतं म्हणजे काय होतं ते पण समजून घ्या, कारण मेसेजमध्ये "सिंथेटिक कधी तुटत नाही" असं पण एक वाक्य आहे. मूळ तेल सिंथेटिकमध्ये जास्त टिकतं हे खरं, पण कॅनमध्ये नुसतं तेल नसतं. ज्वलनातून येणारं आम्ल मारायला, काजळी धरून ठेवायला, झीज थांबवायला त्यात ॲडिटिव्ह असतात आणि ते वापरात संपतात. छोट्या फेरीत इंजिन पूर्ण तापत नाही तेव्हा न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं. बेस, म्हणजे मूळ तेल, कितीही भारी असू दे, ही घाण त्यातच राहते, ती काढायचा एकच मार्ग म्हणजे ऑइल आणि फिल्टर बदलणं. शिवाय इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतंच, महाग ऑइल पण जळतं. दोन वर्षं बघायचं नाही म्हटलं की पातळी खाली गेलेली कळणार कधी, तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागल्यावर. तो दिवा लागला म्हणजे प्रेशर गेलं. तेव्हा गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करायची असते, पुढच्या पंपापर्यंत नेऊ म्हटलं तर बेअरिंग जातात.

हा आकडा आला कुठून ते मला माहितीये. युरोपात काही गाड्यांना खरंच ३० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांची मुदत असते. पण ती इंजिनं त्यासाठी बनवलेली असतात, ऑइल गाडीच्या कंपनीने मंजूर केलेलंच लागतं, आणि वापर कठीण असेल तर गाडीच आधी सर्व्हिस मागते. त्यातला फक्त आकडा उचलून आपल्याकडच्या गाडीला लावायचा हे चूक आहे. मामाच्या पुस्तिकेत सरळ लिहिलंय, १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

आता मायलेज. मामा म्हणतो १६ चं २१ झालं. कुठे बघितलं तर नाशिकला जाऊन आला तेव्हा. अरे पण घोडबंदरचं १६ आणि नाशिक हायवेचं २१ याची तुलना होत नाही, हायवेला जुन्या ऑइलवर पण २१ च्या आसपासच आलं असतं. १६ चं २१ म्हणजे ३१ टक्के वाढ. अमेरिकन सरकारची फ्युएलइकॉनॉमी म्हणून वेबसाइट आहे, त्यांचं ऊर्जा खातं आणि पर्यावरण संस्था मिळून चालवतात, म्हणजे ऑइल विकणाऱ्यांची नाही. त्यावर लिहिलंय की कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, म्हणजे तेवढ्याच घट्टपणाचं, ऑइल वापरलं तर मायलेजमध्ये १ ते २ टक्के फरक पडतो. १ ते २. आणि तो योग्य ग्रेडचा फरक आहे, प्रीमियमचा नाही. तिथेच उदाहरण आहे की ५डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात ५डब्ल्यू-३० टाकलं तर मायलेज १ ते १.५ टक्क्याने कमी होतं.

हे वाचल्यावर मी मामाचा कॅन बघितला. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२०, कॅनवर ५डब्ल्यू-३०. शेवटचा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती घट्ट राहतं त्याचा, म्हणजे जास्त पैसे देऊन त्याने जास्त घट्ट ऑइल टाकलं आणि मायलेज झालंच असेल तर १६ चं १५.८ झालं असेल. त्याच वेबसाइटवर टायरमध्ये बरोबर हवा ठेवली तर सरासरी ०.६ आणि काही वेळा ३ टक्क्यांपर्यंत फायदा असं पण दिलंय. मामाच्या पुढच्या दोन्ही टायरात हवा कमी होती.

सर्व्हिस सेंटर लपवतं म्हणे. काय लपवतं? ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल साध्या मिनरल, म्हणजे खनिज तेलाच्या, बेसमधून बनतच नाही, त्याला सिंथेटिक नाहीतर त्याच्या जवळपासचा बेस लागतो. म्हणजे मामाच्या गाडीत पहिल्या दिवसापासून तसलंच ऑइल होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांची बाजू मी घेत नाहीये, नको ते ट्रीटमेंट बिलात घालतात हा अनुभव मला पण आहे, पण हा आरोप खोटा आहे. आणि "सिंथेटिक" या शब्दावर एवढं जाऊ नका. अमेरिकेत १९९९ मध्ये जाहिरातींच्या वादात निकाल लागला की खूप शुद्ध केलेल्या खनिज तेलाला पण सिंथेटिक म्हणता येईल, तेव्हापासून कॅनवरचा तो शब्द सैल झालाय. ग्रेड बघा, एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, दर्जाचा शिक्का बघा.

पिकअप २० टक्के, यावर फार लिहीत नाही. ताकद हवा आणि पेट्रोल जळून येते, ऑइल फक्त घर्षण कमी ठेवतं. बदलल्यावर गाडी मऊ वाटते हे मान्य, आवाज पण कमी होतो, पण तो जुनं काळं जाऊन ताजं आल्याचा फरक आहे, योग्य ग्रेडचं कुठलंही ताजं ऑइल टाकलं तरी तसंच वाटेल. जुनं इंजिन नवं होणं तर सोडाच. पिस्टनची घासलेली रिंग ऑइलने भरून येत नाही.

खरं आहे तेवढं मान्य करते. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनमालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये चाचण्या केल्या, त्यात सिंथेटिक साध्या ऑइलपेक्षा सरासरी ४७ टक्के सरस ठरलं. पण कशात, तर उष्णतेत टिकणं, गाळ कमी धरणं, कमी उडून जाणं, थंडीत वाहणं यात. म्हणजे संरक्षणात. टर्बो पेट्रोल गाडीला ते हवंच, कंपनीच सांगते. थंडीचा फायदा मात्र आपल्याला फार नाही, ग्रेडमधला पहिला आकडा थंडीचा, ०डब्ल्यू ची चाचणी उणे ३५ अंशाला होते आणि ठाण्यात १५ झालं की आपण स्वेटर काढतो.

राहिलं "सगळ्याला चालतं". इंजिनात बसलं तीन लिटर, उरलेलं एक लिटर मामेभावाने बाईकमध्ये ओतलं. बहुतेक बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याला जासो एमए नाहीतर एमए-२ (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं ऑइल लागतं, कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करायला जे घालतात त्याने क्लच स्लिप होतो. गायमुखच्या चढावर रेस वाढत होती आणि बाईक ओढत नव्हती, मागे ट्रक. वीस वर्षांचा मुलगा आहे तो, हे आठवलं की अजून मला राग येतो. आणि बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर लांबच राहा, धुराच्या फिल्टरमध्ये काजळी जळून जाते पण चुकीच्या ऑइलची राख जळत नाही, ती साठत जाते आणि तो फिल्टर किती महाग आहे ते विचारून बघा.

मामाचं ऑइल आणि फिल्टर सोमवारी बदललं, ०डब्ल्यू-२०. ज्यांनी मेसेज वाचून ऑइल बदलायचं थांबवलंय त्यांनी उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, डिपस्टिक पुसून एकदा बघा. खालच्या खुणेच्या जवळ असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल टाकल्याशिवाय गाडी काढू नका. मानपाडा ते कासारवडवली कोणाला बघता येत नसेल तर रविवारी सकाळी मी मामाकडे असते, सांगा, येऊन बघून देते.