मेडिकलची फाईल अकरावीच्या जूनमध्येच उघडा

खान्देशात पोराला डॉक्टर करायचं ठरलं की पहिली चर्चा क्लासची. लातूरला पाठवायचं की राजस्थानातल्या कोटा शहरात? आमचं ठाम मत असं की या चर्चेआधी कागद काढायला बसावं. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, पुरेसे गुण असताना दाखल्यापायी जागा हातची गेली तर त्यासारखं वाईट काही नाही, आणि हे टाळणं पूर्णपणे घरच्यांच्या हातात असतं.

आधी बारावी कुठून करायची ते ठरवा. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. सुरतला उधना-लिंबायतला राहणारी आपली माणसं इथेच अडकतात: गाव शिरपूर-शहाद्याकडचं, पण दहावी गुजरात बोर्डाची. राजस्थानात क्लास लावून बारावीचा प्रवेशही तिकडेच घेतला तर तीच गत. मग उरतो अखिल भारतीय १५ टक्के कोटा किंवा खासगीतल्या महागड्या जागा. सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं समजून लोक बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबतात. अकरावी सायन्सला प्रवेश झाला की कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, तेव्हाच करा. पुरावे जुने लागतात: ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे. गाडी अडते ती इथे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘पाटील’ लिहिलेलं असतं. पाटील ही जात नव्हे, वतन. समिती ते जातीचा पुरावा कसा धरणार? अशा वेळी चुलत आजोबा, आजोबांची बहीण, पणजोबा यांच्या नोंदी शोधाव्या लागतात. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा, तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मागा. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. नातं वडिलांकडचं हवं, आईकडचे पुरावे चालत नाहीत. सख्ख्या काकाला किंवा आत्याला वैधता मिळालेली असेल तर तीच आधी जोडा, काम बरंच हलकं होतं. अर्ज केल्याची पावती दाखवून मुदत मिळेल, या भरवशावर मात्र राहू नका.

नॉन-क्रीमीलेयरचं, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याचं, उलटं आहे: तो फार लवकर काढून उपयोग नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी चालणाराच हवा. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद मात्र आधीपासून तयार ठेवा. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. नीटच्या अर्जात विजा-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) असा रकानाच नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमीलेयर) भरायचं, नसेल तर जनरल. राज्याच्या फेरीत आपला प्रवर्ग वेगळा नोंदवता येतो.

नावाकडे बघायला कुणाला वेळ नसतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात एकीकडे ‘भाऊ’ आणि दुसरीकडे नाही. दहावीचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे नीटचा अर्ज सुटण्याआधी दुरुस्त करून घ्या.

अभ्यासाबद्दल दोनच गोष्टी. १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे असतात आणि गुण सारखे झाले तर आधी जीवशास्त्रच बघतात, म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं आकृत्यांच्या खालच्या ओळींसकट वाचा. बारावीकडेही दुर्लक्ष नको. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के नसतील तर नीटचा स्कोअर कामाचा नाही.

आणि सराव पेपर सकाळच्या गारव्यात सोडवू नका. परीक्षा मेच्या सुरुवातीला असते, दुपारी दोन ते पाच. त्या वेळी जळगाव-भुसावळचं ऊन काय असतं ते सांगायला नको. एप्रिलभर त्याच वेळेला, परीक्षेतल्यासारखंच फुल बाह्यांचे कपडे आणि बूट न घालता, काळ्या बॉलपेनने ओएमआर शीटवर (उत्तरपत्रिकेवर) गोल भरत पूर्ण पेपर सोडवायचा. लाईट गेली तरी उठायचं नाही.